मताची सक्ती – पण आधी कुणावर?

भाऊबीज झाली आणि बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या गावांत दरवर्षीची धांदल सुरू झाली. दारात ट्रॅक्टर उभा. ट्रॉलीत भांड्यांचे गाठोडे, पाण्याचा ड्रम, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, बाजरीचे पोते, एक शेळी, आणि या साऱ्यावर बसलेली पोरे. ऊसतोडीला निघालेल्या टोळीचा हा संसार. साल २०२४. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला आणि कारखान्यांचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून.

पारावर निवृत्त गुरुजी बसले होते. त्यांनी हटकले, "अगं पोरी, मतदान तोंडावर आलंय आणि तुम्ही निघालात? मत कोण देणार?"

गाठोडे वर सरकवत बाई म्हणाली, "गुरुजी, मतासाठी मागं राहावं तर कोयता अडतो. तिथनं परत यावं तर दोन दिसाचा खाडा पडतो. खाड्याचे पैसे मुकादम उचलीत धरतो. मत फुकट असतं म्हणतात. आमाला ते महागात पडतं."

शेजारी बसलेल्या एका तरुणाला राग आला. तो म्हणाला, "म्हणूनच सक्ती पाहिजे. मत दिलं नाही की दंड! मग बघा कसे सगळे येतात."

त्यावर एक म्हातारे आबा हळूच बोलले, "दंड कुणाला रे, हिला? मत द्यायला आली तर मुकादमाचा दंड, नाही आली तर सरकारचा. हिनं जावं कुठं?"

वाचकहो, मतदान सक्तीचे करावे की नाही हा वाद नवा नाही. निवडणूक आली की तो पारावर निघतो, एसटीत निघतो, विधिमंडळातही निघतो. पण या चार वाक्यांत त्या वादाचे मर्म आले आहे. ते जरा उलगडून पाहू.

सक्ती हवी म्हणणारांची बाजू

ही बाजू हलकी नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशाच्या मतदारयादीत सुमारे ९७ कोटी नावे होती. मत दिले सुमारे ६४ कोटींनी. म्हणजे तीन माणसांतला एक घरी राहिला. महाराष्ट्रात त्या वेळी ६१ टक्क्यांच्या आसपास मतदान झाले. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत ते ६६ टक्क्यांवर गेले.

न येणारा माणूस कोण, हेही पाहण्यासारखे आहे. त्या विधानसभा निवडणुकीत कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर मतदारसंघात ८४ टक्क्यांहून जास्त लोकांनी मत दिले. मुंबईच्या कुलाबा मतदारसंघात मात्र निम्मेही मतदार आले नाहीत. तिथे बंगले, बँका, मोठमोठी कार्यालये. मतदान केंद्र हाकेच्या अंतरावर. शेतकरी चिखल तुडवत मताला जातो आणि शिकलेला माणूस सुटी मिळाली म्हणून फिरायला जातो, असे आपण म्हणतो, ते अगदीच खोटे नाही.

सक्तीवाले आणखी एक मुद्दा मांडतात, आणि तो विचार करण्याजोगा आहे. आज निवडणुकीतला पुष्कळसा पैसा मतदाराला घरातून बाहेर काढण्यातच जातो. गाड्या, जेवणावळी, पाकिटे. सगळ्यांना यावेच लागले, तर हा खर्च करण्याचे कारणच उरणार नाही. शिवाय, जो पडून राहतो त्याच्याकडे पुढारी बघत नाही. सगळे आले तर सगळ्यांकडे बघावे लागेल.

ऑस्ट्रेलियात काय झाले?

सक्तीचे नाव निघाले की ऑस्ट्रेलियाचे उदाहरण येतेच. तिथल्या क्वीन्सलंड राज्याने १९१५ साली सक्ती आणली आणि सबंध देशाच्या निवडणुकीसाठी तसा कायदा १९२४ साली झाला. १९२२ च्या निवडणुकीत तिथे सुमारे ५९ टक्के मतदान झाले होते. कायद्यानंतरच्या पहिल्याच, १९२५ च्या निवडणुकीत ते ९१ टक्क्यांवर गेले. तेव्हापासून ते नव्वदच्या आसपास राहिले आहे.

दंड किती? वीस डॉलर. तिथल्या कमाईच्या मानाने ही रक्कम जबर नव्हे. तोही लगेच होत नाही. आधी पत्र येते, 'का आला नाहीत?' कारण पटले तर प्रकरण तिथेच मिटते. मत गुप्त असल्यामुळे कागदावर काय लिहिले हे कोणी पाहत नाही. कोरी चिठ्ठी पेटीत टाकून जाणाराही असतोच. दर निवडणुकीत शंभरातल्या पाचएक चिठ्ठ्या बाद निघतात.

पण खरी गंमत दंडात नाही. तिथे मतदान शनिवारी, म्हणजे बहुतेकांच्या सुटीच्या दिवशी असते. त्या दिवशी जमणार नसेल तर आधी जाऊन मत देता येते, टपालानेही पाठवता येते. दवाखान्यात पडलेल्यांकडे आणि दूरच्या वस्त्यांवर मतपेटी घेऊन कर्मचारीच जातात. शाळेच्या आवारात मतदान असले की तिथले पालक खाण्याचे दुकान मांडतात आणि जमलेले चार पैसे शाळेला देतात. मत देणे हा तिथे छोटा उत्सवच होऊन बसला आहे.

म्हणजे त्या देशाने नागरिकाला सांगितले, 'तू यायलाच पाहिजे', आणि त्याच वेळी सरकारला सांगितले, 'त्याला येता येईल अशी सोय तू करायलाच पाहिजे.' सक्ती दोन्ही अंगांनी झाली. आपल्याकडे उदाहरण देताना पहिले वाक्य सांगतात, दुसरे विसरतात.

त्या गोष्टीला एक काळी बाजूही आहे. या 'सगळ्यांत' तिथले मूळचे आदिवासी फार काळ नव्हतेच. देशाच्या निवडणुकीत सर्व आदिवासींना मताचा हक्क मिळाला १९६२ साली, आणि इतरांसारखी नावनोंदणी त्यांना बंधनकारक झाली १९८४ साली. 'सगळे' म्हणताना कोण राहून गेले, हे प्रत्येक देशाला विचारावे लागते.

दंड सगळ्यांना सारखा लागत नाही

इतर देशांचे अनुभव निरनिराळे आहेत. ब्राझीलमध्ये मतदान सक्तीचे आहे. पण निरक्षर माणूस आणि सत्तरी ओलांडलेली म्हातारी माणसे यांच्यावर ती सक्ती नाही. तिथे मत न देणाराने कारण कळवले नाही आणि दंडही भरला नाही, तर पासपोर्ट अडतो, सरकारी बँकेचे कर्ज अडते. आपल्याकडे कोणी असाच नियम काढला आणि मत न दिल्याबद्दल पीककर्ज अडवले, तर काय होईल याचा विचार ज्याने त्याने करावा. पेरणीच्या तोंडावर सोसायटीच्या दारातून परत फिरणारा माणूस कुलाब्याचा नसेल.

पेरू देशाने निदान एवढे तरी ओळखले आहे. तिथे दंड सरसकट नाही. गरीब भागातल्या माणसाला कमी आणि सधन भागातल्या माणसाला जास्त.

हॉलंडने १९१७ पासून सक्ती ठेवली होती, ती १९७० साली काढून टाकली. चिली देशाने २०१२ साली काढली, तर मतदान घसरत घसरत निम्म्याच्या खाली आले. मग २०२२ साली नव्या राज्यघटनेवर कौल घेताना सक्ती पुन्हा आणली, तेव्हा ८५ टक्क्यांहून अधिक लोक आले. म्हणजे सक्तीने माणसे येतात, हे खरेच आहे. प्रश्न तो नाही. कोणत्या माणसाला कशाची किंमत देऊन यावे लागते, हा प्रश्न आहे.

शेजारच्या गुजरातचा प्रयोग

हा प्रयोग आपल्या शेजारी झालेला आहे. गुजरात विधानसभेने डिसेंबर २००९ मध्ये पंचायती आणि नगरपालिकांच्या निवडणुकीत मतदान सक्तीचे करणारे विधेयक मंजूर केले. राज्यपालांनी ते परत पाठवले. विधानसभेने ते पुन्हा मंजूर केले. अखेर नोव्हेंबर २०१४ मध्ये राज्यपालांची संमती मिळाली आणि २०१५ साली नियम झाले. मत न देणाराला १०० रुपये दंड. पण ऑगस्ट २०१५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि दंडाची पावती फाडण्याची वेळच आली नाही.

याचे मूळ आपल्या कायद्यात आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात मतदाराच्या हक्काची जी व्याख्या आहे, तिच्यात मत देण्याबरोबर मत न देण्याचाही हक्क धरला आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण ठेवायला सांगितले, तेव्हाही या हक्काचा उल्लेख केला. पुढे मार्च २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५५ व्या अहवालात मतदान सक्तीचे करू नये असाच सल्ला दिला.

अंमलबजावणीचा हिशेबही मांडून बघा. २०२४ मध्ये जे आले नाहीत ते ३२ कोटींच्या घरात होते. इतक्यांना नोटिसा काढायच्या, कारणे ऐकायची, दंड वसूल करायचा. तलाठ्याला आणि ग्रामसेवकाला मग दुसरे काम राहणार नाही. आणि १०० रुपयांच्या वसुलीला किती खर्च येईल, ते सांगायला नको.

कंटाळलेला, रुसलेला आणि अडलेला

मत न देणारे सगळे एका माळेचे मणी नव्हेत. त्यांचे तीन प्रकार आहेत.

पहिला कंटाळलेला. त्याच्या घरापासून केंद्र जवळ आहे, सुटी आहे, प्रकृती ठणठणीत आहे. पण 'माझ्या एका मताने काय होतंय?' म्हणून तो लोळत पडतो. याच्यावर थोडा धाक बसला तर कोणाला वाईट वाटणार नाही. पण मारूनमुटकून वैद्य केलेल्याच्या हातचे औषध कसे असणार? पहिले दिसेल ते बटण दाबून तो मोकळा होईल. धाकाबरोबर विचाराची सवयही लागावी लागते, आणि ती दंडाने लागत नाही.

दुसरा रुसलेला. पूल नाही, रस्ता नाही, पाणी नाही. अर्जविनंत्या करून थकलेले गाव शेवटी सांगते, 'यंदा मत नाही.' २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मेळघाटातल्या काही गावांनी असाच बहिष्कार टाकला. बहिष्कार हे चांगले हत्यार आहे असे नव्हे. त्यात स्वतःचेही नुकसान होते. पण तहसीलदाराची गाडी ज्या गावात वर्षभर फिरकत नाही, तिथे बहिष्काराची बातमी लागताच दुसऱ्या दिवशी येते, हे आपण सारे जाणतो. सक्ती आली की पाण्यासाठी रुसलेल्या या गावाला पाणी मिळायच्या आधी दंडाची नोटीस मिळेल. आणि उमेदवार कोणीच पसंत नसेल तर 'कोणीही नाही' या बटणात तरी दम असायला हवा. महाराष्ट्रात राज्य निवडणूक आयोगाने २०१८ साली ठरवले, की स्थानिक निवडणुकीत या बटणाला सर्वांत जास्त मते पडली तर निवडणूक पुन्हा घ्यायची. लोकसभा-विधानसभेत मात्र त्याला लाख मते पडली तरी खालचा उमेदवार निवडून येतोच.

तिसरा अडलेला. हा ट्रॉलीत बसून गेलेला. वीटभट्टीवर, बांधकामावर, ऊसतोडीवर, नाहीतर पुण्या-मुंबईत हमालीला गेलेला. याला मत द्यायचे आहे. पण नाव एका गावात आणि पोट दुसऱ्या गावात. कारखान्याकडे नाव नोंदवावे तर तिथे मुक्काम पाच महिन्यांचा, तोही आज या फडात तर उद्या त्या फडात. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी द्यावी असा कायदा आहे, आणि रोजंदारीवाल्यालाही तो लागू आहे. पण टनावर मजुरी घेणाऱ्या जोडप्याचा मालक कोण? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे.

मग हा मताला येतो कसा? बहुतेक वेळा उमेदवाराने धाडलेल्या गाडीतून. मतदारांना अशी फुकट ने-आण करणे कायद्याने भ्रष्ट आचार ठरवले आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? आणि गाडी ज्याची, तोंडही त्याच्याकडेच वळते. म्हणजे ज्याला मताची सर्वांत जास्त गरज, त्याला ते मिंधेपणाने द्यावे लागते.

सक्तीचा दंड या तिघांत कोणाला सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त लागेल? कंटाळलेला फोनवरून दंड भरून टाकील. अडलेल्याच्या नावावर मात्र तो उचलीसारखा चढत जाईल.

बाणेजचा एक मतदार

गुजरातमध्येच गीरच्या जंगलात बाणेज नावाचे ठिकाण आहे. तिथल्या देवस्थानात राहणाऱ्या एकट्या मतदारासाठी निवडणूक आयोग गेली कित्येक वर्षे स्वतंत्र मतदान केंद्र उघडत आला आहे. एका मतासाठी यंत्र, कर्मचारी, पोलीस सिंहांच्या जंगलात जातात. मतदाराला केंद्र शक्यतो दोन किलोमीटरच्या आत मिळावे, हा आयोगाचा दंडक आहे. या कामाला मनापासून नमस्कार करावा असेच हे काम आहे.

मग मनात येते, जंगलातल्या एका माणसाकडे यंत्र जाऊ शकते, तर उसाच्या फडाशेजारी कोप्या घालून राहिलेल्या हजारो माणसांकडे का जाऊ नये? काम सोपे नाही, हे कबूल. एकाच तळावर पाच-सात मतदारसंघांतले लोक असतात. पण आयोगाने त्याचाही विचार केला होता. डिसेंबर २०२२ मध्ये, परगावी असलेल्यांना आहे तिथूनच आपल्या मतदारसंघात मत देता येईल असे यंत्र तयार केल्याचे आयोगाने जाहीर केले. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मतदान घेता येईल, असे ते होते. जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांना ते दाखवण्यासाठी बोलावले. पण अनेक पक्षांनी शंका काढल्या आणि ते पुढे सरकले नाही. शंका काढणे हा पक्षांचा अधिकार आहे. त्या फेडून घेऊन वाट काढणे हे मात्र कर्तव्य आहे, आणि या कर्तव्याची सक्ती कोणावरच झालेली नाही.

यंत्राचे राहू द्या. निवडणुकीची तारीख ठरवताना गाळप हंगामाकडे पाहणे तरी अवघड नाही. २०१९ ची विधानसभा निवडणूक २१ ऑक्टोबरला झाली, तेव्हा टोळ्या बहुतांशी गावातच होत्या. एका महिन्याच्या फरकाने गावेच्या गावे यादीत राहतात आणि केंद्रावर दिसत नाहीत.

अट्ठावीस लाख बायका

सोय आधी की दंड आधी, याचे उत्तर आपल्याच देशाने एकदा दिलेले आहे. पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. सुकुमार सेन हे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. याद्या करणारे लोक दारोदार फिरले, तेव्हा कित्येक बायकांनी परक्या माणसाला आपले नाव सांगितले नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई', एवढेच सांगितले. अशी सुमारे २८ लाख नावे यादीतून गाळावी लागली. त्या निवडणुकीत देशभर ४५ टक्क्यांच्या आसपास मतदान झाले.

त्या बायकांना कोणी दंड केला नाही. पुन्हा दारोदार माणसे गेली, समजावले, नावे विचारून घेतली. १९५७ पर्यंत बहुतेक प्रौढ स्त्रियांची नावे यादीत आली. आज पुष्कळ गावांत केंद्रावर बायकांची रांग पुरुषांपेक्षा लांब दिसते. ती दंडाने लागलेली नाही.

आपल्या घरापुरते

सरकारकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. काही कामे घरातल्या माणसांनीच करायची असतात.

मुलगा-मुलगी अठरा वर्षांची झाली की नमुना क्रमांक ६ भरावा. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरत. आता वर्षातून चार तारखा आहेत – १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीत तसेच राहते आणि ती दोन्हीकडून तुटते. नमुना ८ भरून ते सासरी आणता येते. ८५ वर्षांपुढची आजी-आजोबा, किंवा ४० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेली व्यक्ती घरी असेल, तर लोकसभा-विधानसभेला १२-ड नमुना वेळेत भरल्यास मतदान घेणारे कर्मचारी घरी येतात. त्यासाठी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसच मिळतात, म्हणून कागद आधी जमवून ठेवावेत. हे अर्ज गावच्या बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे मिळतात. यादी लागली की आपले नाव स्वतः वाचून पाहावे. मतदानाच्या दिवशी नाव नाही म्हणून भांडण्यात अर्थ नसतो.

आणि ज्यांच्या शेतात मजूर येतात त्यांनी त्या दिवशी त्यांना दुपारपर्यंत मोकळे सोडावे, मजुरी न कापता. दुसऱ्यावर सक्ती मागण्याआधी आपल्या बांधापासून सुरुवात करावी.

मग मतदान सक्तीचे करावे की नाही? ज्या दिवशी फडाजवळ यंत्र जाईल, मतासाठी कोणाला खाडा पडणार नाही, आणि तरीही एखादा मुद्दाम घरी बसेल, त्या दिवशी त्याला खुशाल दंड करावा. तोवर सक्तीचा पहिला मान सरकारचा आणि आयोगाचा.

त्या दिवशी ट्रॅक्टर सुरू झाला, तेव्हा गुरुजींनी बाईला विचारले, "बरं, यंत्र तिकडं फडातच आलं तर देशील ना मत?"

ती हसून म्हणाली, "आलं तर मोळी खाली ठेवून देईन, गुरुजी. त्याला काय दंड लागतोय व्हय?"